आप्पांना जिवंत करा

अच्युत हळबे यांनी जेवढी नाटकं लिहिली, त्या सगळ्यांतली मुख्य भूमिका दिगंबर मोरजकर या एकाच नटासाठी लिहिली. नाटकांना प्रेक्षक येईनासे झाले, तेव्हा दोघे मित्र पोटासाठी एका टीव्ही मालिकेत शिरले. हळबे संवाद लिहायचे आणि दिगंबर त्यातले आप्पा व्हायचा. मग एक दिवस दिगंबर अचानक गेला. हळब्यांनी रडत रडत मालिकेतल्या आप्पांचाही मृत्यू लिहिला.

आप्पा गेले तसे मालिकेचे प्रेक्षक घटले. निर्माते भंडारी यांनी सगळ्यांना बोलावून टेबलावर हात आपटला.

"आप्पांना जिवंत करा! चितेवर दुसराच कुणीतरी होता, असं दाखवा. अपघातात चेहरा बदलला म्हणा, नवा नट मी आणतो. अहो हळबे, लेखकाला मेलेला माणूस उठवायला काय लागतं? पेनच तर उचलायचं!"

सगळे हसले. हळब्यांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

"भंडारीसाहेब," ते म्हणाले, "पेनाने मेलेला माणूस उठत असता, तर मी आधी दिगंबरला उठवलं असतं. मग आम्ही दोघांनी नाटकच केलं असतं, आणि मला तुमच्या दारात यावं लागलं नसतं."

हसू जागच्या जागी विरलं. भंडारींनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"आप्पांचं राहू द्या," ते पुटपुटले.

बाहेर आल्यावर मालिकेच्या तरुण दिग्दर्शिकेने हळब्यांचा हात धरला. "सर, काय टाळीचं वाक्य होतं! नाटकात घाला ना."

"घातलं असतं गं," हळबे म्हणाले, "पण ते म्हणणारा गेला."