खारबांधावरचे हात

निवांत महाराज त्या वर्षी चातुर्मासाला शिरखारला मुक्कामी होते. शिरखार म्हणजे खाडीकाठचं गाव. भरतीला खाडी वर, भातशेती खाली आणि मध्ये आडवा फक्त मातीचा बांध. कुणी विचारलं, "महाराज, या डासांत आणि चिखलात कशाला राहिलात?" महाराज म्हणाले, "पाण्याच्या खाली घरं, तरी माणसं घोरतात! म्हणजे कुणीतरी जागं असणारच. त्याला भेटायला आलोय."

ती जागी बाई म्हणजे गोमी. तिचा नवरा एका उधाणात बांध फुटला तेव्हा वाहून गेला. तेव्हापासून भरतीची नुसती गाज ऐकली तरी ती कान झाकून घ्यायची. आणि दैवाची थट्टा बघा, पोटासाठी कामही तेच वाट्याला आलं! रोज ओहोटीला बांधावरून चालायचं, खेकड्यांनी पाडलेली बिळं शोधायची आणि चिखलाने बुजवायची. एखादं बीळ राहिलं, तर भरतीचं खारं पाणी त्यातूनच आत शिरणार, पिकलेलं भात जाळणार आणि जमीन कितीतरी वर्षं नासवणार.

एकदा ती भीतभीत महाराजांपुढे आली. "महाराज, माज्या ध्यानात नाम राहत नाय. हात चिखलात, जीव भरतीत. माजं कसं व्हायचं?"

सप्ताहाचे यजमान त्रिंबकशेट शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "तुझं काय व्हायचंय गोमे? पुढच्या जन्मी खेकडा!" मंडळी खो खो हसली.

महाराज हसले नाहीत. "बाई, बिळात चिखल दाबतेस तो कुणासाठी?"

"खाली निजल्यात त्यांच्यासाटी."

"मग तसाच दाबत जा. हीच तुझी पूजा. भीती वाटली तर भीतीसकट दाब. देवाला भित्र्या माणसाचे हातही चालतात."

श्रावणातली अमावास्या आली. सप्ताहाची सांगता होती. देवळात काल्याचं कीर्तन रंगलं होतं आणि बाहेर वारा पिसाटला होता. भर दुपारचं उधाण. गोमी बांधावर पोचली आणि जागीच थबकली. बांधाच्या आतल्या अंगाला, शेताकडे, गढूळ पाणी बुडबुडत वर येत होतं! नवऱ्याच्या वेळी अस्संच झालं होतं.

ती धावत देवळात आली. "शेट, बांध झिरपतोय! मानसं द्या वो!"

"काल्याचं कीर्तन मोडायचं?" त्रिंबकशेट कडाडले. "कुणी जागचं हलायचं नाही. सात दिवसांचं पुण्य काय पाण्यात घालू? रोज बिळं बुजवतेस ना, मग आजही बुजव जा!"

गोमीने कीर्तन ऐकत बसलेल्या महाराजांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. ते उघडले नाहीत. अरेरे! त्या क्षणी तिला खाडीचं वाटलं नाही एवढं भय वाटलं. महाराजांनीही टाकलं, आता कुणाला हाक मारायची?

तरी ती परतली. का परतली, ते तिलाही सांगता आलं नसतं. बीळ आता घमेल्याएवढं झालं होतं. टाकलेला चिखल पाणी गिळून टाकत होतं. शेवटी ती खाडीच्या अंगाने उतरली आणि स्वतःची पाठच त्या भोकाला लावून बसली. पाण्याने तिला असं दाबून धरलं की बरगड्या कडाडल्या. पाणी छातीशी आलं, गळ्याशी आलं. डोळे घट्ट मिटून ती तशीच रेटून बसली.

इतक्यात तिच्या कुशीशी दोन हात आले. ओल्या मातीचे गोळेच्या गोळे तिच्या पाठीभोवती घट्ट बसू लागले.

"कोन हाय?"

"दाब," एवढाच आवाज आला.

डोळे उघडायची तिला छाती झाली नाही. तिने मागे हात नेले आणि दाबत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. हनुवटीशी आलेलं पाणी हळूहळू खांद्यांखाली उतरलं. भरती वळली! बांध उभा होता. तिने डोळे उघडले, तर शेजारी कुणीच नव्हतं. मातीवर तिच्या बारीक पंजांच्या शेजारी रुंद पंजांचे ठसे मात्र होते.

तेवढ्यात सगळं गाव बांधाकडे धावत आलं. सर्वांत पुढे त्रिंबकशेट, डोक्यावर पगडी नाही, पायांत वहाण नाही. "गोमे, जिती आहेस ना? अगं, महाराज कीर्तनात जागचे हलले नाहीत आणि त्यांच्या धोतरातून पाणी गळायला लागलं. मला वाटलं कुणी तीर्थ सांडलं. जिभेला लावलं तर खारं! हात पाहिले तर कोपरापर्यंत चिखल, बोटाला खेकडा चावलेला!"

गर्दीतून महाराज पुढे आले. त्रिंबकशेट त्यांच्या पायांवर कोसळले. "महाराज, मी आंधळा झालो होतो. क्षमा करा!"

महाराज म्हणाले, "शेट, माझे पाय कुठे पळून जात नाहीत. माती अजून ओली आहे, पुढच्या भरतीआधी बसली पाहिजे. काय करायचं ते या बाईंना विचारा."

शेट वळले. गोमी अजून काकडत होती. त्यांनी हात जोडले. "गोमाबाई, सांगा."

गोमीला हसू आलं. "शेट, आंगरखा काढा आदी. मळंल."

त्रिंबकशेटांनी रेशमी अंगरखा काढून गवतावर टाकला, गुडघे टेकले आणि बांधाला कपाळ लागेपर्यंत वाकून चिखल दाबू लागले. तोंडाने ते नाम घेत होते की रडत होते, ते त्या वाऱ्यात कुणालाच कळलं नाही.