राणी वसुप्रभेचा दुसरा घास

एका राज्यात, जिथे डोंगर उत्तरेला होते आणि नदी मनाला येईल तिकडे वळत होती, रोज सकाळी राणीच्या ताटाची दवंडी पिटली जात असे. राणीने आज काय खाल्लं आणि काय सोडलं, ते दवंडीवाला चौकात उभा राहून सांगे, आणि घरोघर तेच शिजे. फार पूर्वी एका राजाने दुष्काळात प्रजेबरोबर कदान्न खाल्लं होतं. त्याची आठवण म्हणून प्रजा राजाच्या बरोबरीने खाऊ लागली. चाल प्रेमाची होती, पण प्रेमाच्या चालीसुद्धा कधी कधी गळ्याशी येतात.

त्या राज्याची धनीण राणी वसुप्रभा. राजा लवकर निवर्तला, मागे एक लेक ठेवून. लेकीचं नाव इंदुलेखा. ती जन्मली त्या वर्षी राणीच्या सांध्यांत आग शिरली. सकाळी बोटं मिटू म्हटलं तर मिटत नसत, मिटली तर उघडत नसत. गुडघे सुजून भोपळ्याएवढे होत. पंधरा दिवस दुखणं छळायचं, मग एका सकाळी कुणाला न सांगता निघून जायचं. राणी म्हणायची, सुटले बाई! महिनाभराने ते पुन्हा दारात हजर.

राजवैद्य त्र्यंबकशास्त्री म्हातारा आणि सरळ माणूस. त्याने नाडी पाहिली आणि सांगितलं, "राणीबाई, हे दुखणं जाणारं नाही. येईल, ओसरेल, पुन्हा येईल. हा काढा रोज घ्या, तेल लावा, थकलात की निजा. आणि पोटभर जेवा."

दरबाराला हे मुळीच रुचलं नाही. रोग बरा होणार नाही म्हणणारा वैद्य ठेवायचा कशाला? त्याच्या खांद्यावर शालजोडी घातली, हातात नारळ दिला आणि मोठ्या मानाने त्याला डोंगरावर पाठवून दिलं.

मग आले सांगणारे. पहिला आला जटाधारी. म्हणाला, "तांदूळ सोडा." राणीने सोडला. आठव्या दिवशी दुखणं गेलं. खरं म्हणजे पंधरवडा भरला होता, ते जाणारच होतं, पण आनंदाच्या भरात दिवस कोण मोजतो? जटाधाऱ्याच्या मनगटात सोन्याचं कडं चढलं, दवंडी पिटली आणि राज्यातला तांदूळ पोत्यापोत्यांनी राजकोठारात बंद झाला. दुखणं परतलं तेव्हा दुसरा आला. म्हणाला, "दूध सोडा." तिसरा म्हणाला, "मीठ." सातवा म्हणाला, जमिनीखाली वाढलेलं नको. आठवा म्हणाला, नाचणी सोडून जमिनीवर वाढलेलं काही नको. दुखणं ओसरायच्या वेळी जो समोर उभा असेल, त्याला कडं मिळे. दुखणं आलं की सगळे म्हणत, "राणीसाहेबांनी नक्की काहीतरी खाल्लं असणार."

दरबारातल्या प्रत्येकाची कुणीतरी मावससासू अगदी याच दुखण्यातून उठून फुगडी घालत होती. राणीला त्या सगळ्या मावससासवांच्या कथा ऐकाव्या लागत, आणि वर "तुम्ही मनावर घेत नाही," हेही ऐकावं लागे. ज्याचं अंग दुखतं त्याला हे शब्द अंगापेक्षा जास्त दुखतात. राणी बिचारी आपल्याच ताटात आपला अपराध शोधत बसे.

सगळ्यांत शेवटी आला करालकेतू मांत्रिक. दिसायला स्वच्छ, बोलायला गोड. त्याने कोठाराला तीन कुलपं घातली आणि कुलपांवर फुंकर मारली. म्हणाला, "आत गेलं ते आता विष झालं. हे दार उघडलं तर दुखणं शंभर पटीने येईल." कुलपं तेव्हापासून हिरवी चमकू लागली. आत आंबेमोहोर होता, तूप होतं, गुळाच्या ढेपा होत्या. दाराच्या फटीतून वास यायचा, आणि वाटसरू नाकाला पदर लावून भीतभीत पुढे जात.

असं करता करता आठ वर्षं लोटली. राज्यात उरली फक्त अळणी नाचणीची आंबील. अक्षतांना तांदूळ नाही म्हणून लग्नं खोळंबली. लेकरं चिडचिडी झाली, म्हातारी माणसं गप्प झाली.

एका दुपारी राणीने लेकीपुढे आंबिलीची वाटी ठेवली. इंदुलेखा ठणठणीत पोर, पण तिचे हात काड्यांसारखे झाले होते. तिने वाटी दूर सरकवली.

"आई, याने मला दुखेल का?"

"तुला काही झालेलं नाही, बाळ. खा."

"तुलाही आधी काही झालं नव्हतं," पोर म्हणाली. "मग तू जेवलीस."

राणीच्या काळजात कळ उठली. गुडघ्यांतली कळ तिच्यापुढे काहीच नव्हती. तीन दिवस पोरीने वाटीला हात लावला नाही. घाबरलेल्या राणीने करालकेतूला बोलावलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "उत्तम. आता दोघींनी आंबीलही सोडावी."

आपलं दुखणं लेकीला लागलं नव्हतं. आपली भीती लागली होती. हे राणीला त्या क्षणी लख्ख दिसलं. मांत्रिकाला तिथेच उभा ठेवून ती भिंतीला धरत धरत मुदपाकखान्यात गेली.

तिथे पिंजऱ्यात एक चकोर होता. विष दिसलं की चकोराचे डोळे लाल होतात, म्हणून राजांच्या स्वयंपाकघरात चकोर बाळगतात आणि पहिलं ताट त्याला दाखवतात. या चकोराने आठ वर्षं राणीचं प्रत्येक ताट पाहिलं होतं. त्याला बोलता येत होतं, पण त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"चकोरा," राणी म्हणाली, "माझ्या ताटात विष कशात आहे?"

"राणी, तीन कुलपं, तीन वस्तू," चकोर म्हणाला. "बरं न करणारं औषध आण. कुणी न मोजलेला दिवस आण. भीती न कालवलेला घास आण. कोठाराच्या दाराशी ठेव. मग सांगेन."

राणी सकाळीच डोंगराकडे निघाली. तीनशे पायऱ्या, बाजूला दगडी कठडा, वाट अरुंद, पालखी जाईना. दुखणं ओसरलेलं होतं, तरी गुडघे कुरकुरत होतेच. दहा पायऱ्या चढावं, बसावं. पाच चढावं, बसावं. शेवटच्या शंभर पायऱ्या ती राज्याची राणी बसल्या बसल्या मागे सरकत चढली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. माथ्यावर त्र्यंबकशास्त्री चुलीपाशी बसला होता. चुलीवर मडकं रटरटत होतं.

"आठ वर्षं रोज तुमचा काढा करतो, राणीबाई," तो म्हणाला. "आणि रोज संध्याकाळी झाडाला घालतो."

"याने मी बरी होईन?"

"नाही."

"मग काय होईल?"

"उतरताना कठडा थोडा कमी धरावा लागेल."

इतकी वर्षं सगळ्यांनी तिला चंद्र देऊ केला होता. या म्हाताऱ्याने कठडा देऊ केला, आणि राणीला रडू कोसळलं. तिने काढा प्यायला. तो कडू जहर होता. उरलेला लोट्यात घेऊन ती उतरली, आणि कठडा तिने थोडा कमी धरला.

डोंगराच्या पायथ्याशी गेलेल्या दिवसांचं तळं होतं. सरलेला प्रत्येक दिवस तिथे पान होऊन पडत असे. काठावर एक कासव राखण करत होतं.

"कोणता दिवस हवा?" कासवाने विचारलं.

"कुणी न मोजलेला."

"तो तळाशी असतो. हात घालावा लागेल."

पाणी बर्फासारखं गार. राणीने आपली वाकडी बोटं त्यात घातली. पहिलं पान आलं, तांदूळ सोडला आणि बरं वाटलं त्या दिवसाचं. हा दवंडीत गाजलेला दिवस होता. तिने तो सोडून दिला. दुसरं पान आलं, दही खाल्लं आणि दुखणं आलं त्या दिवसाचं. हा करालकेतूने शंभरदा ऐकवला होता. तोही सोडला. तिसरं पान जड होतं. चैत्रातला एक दिवस. त्या दिवशी राणीने पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं, आणि त्याच दिवशी दुखणं असं उसळलं की तापाने फणफणलेल्या लेकीला तिला मांडीवर घेता आलं नव्हतं. हा दिवस कुठल्याच सांगणाऱ्याच्या कामाचा नव्हता. राणीने स्वतःसुद्धा तो लपवला होता, स्वयंपाकघराचा वास घेतला असेन अशी स्वतःची समजूत घालून.

"हाच तो," राणी म्हणाली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःचा नव्हे, दुसऱ्या कुणाचा तरी राग आला.

आता उरला घास. पण राज्यात घास होता कुठे? सगळं कोठारात. राणी महालात परतली, लग्नातली पेटी उघडून शालू काढला. पदराच्या टोकाला गाठ होती. सासरी निघताना आईने ओटी भरली होती आणि म्हणाली होती, "ओटीचे तांदूळ आपल्या हाताने रांधून खावेत गं, विसरू नकोस." राजघरात चुलीपाशी कुणी जाऊ देईना, आणि गाठ तशीच राहिली होती. राणीने दातांनी ती सोडवली. आत दोन मुठी तांदूळ होते, हळदीकुंकवाने पिवळे-लाल झालेले.

कोठाराच्या दाराशी तिने तीन दगड मांडले. चकोराचा पिंजरा शेजारी ठेवला. लोटा उंबऱ्यावर ठेवला, पहिलं कुलूप गळालं. पान ठेवलं, दुसरं गळालं. मग तिने तांदूळ धुऊन शिजत घातले. भाताचा वास सुटला तशी गल्ल्या भरून माणसं आली. इंदुलेखा खांबाआड उभी राहून बघत होती.

करालकेतू धावत आला. "महाराणी, शंभर पटीने येईल!"

राणीने घास उचलला. घास गिळला, पण घशात भीतीही उतरली. तिसरं कुलूप जागचं हललं नाही.

"त्यात भीती होती," चकोर म्हणाला.

राणी दाराशीच पथारी टाकून निजली. आणि सकाळी दुखणं आलं. त्याचा फेरा त्याच दिवशी होता. बोटं आखडली, गुडघे पेटले. माणसांत कुजबुज उठली. करालकेतू हसला. "आलं की नाही शंभर पटीने?"

राणीने डोळे मिटले. एकेक सांधा तिने नीट तपासून पाहिला, जसा फक्त तिलाच तपासता येत होता.

"नाही," ती म्हणाली. "नेहमी येतं तेवढंच आलं."

"भात खाल्लात म्हणून आलं!"

राणीने उंबऱ्यावरचं पान उचललं. "या दिवशी मी नुसतं पाणी प्याले होते. त्या दिवशी कशाने आलं, मांत्रिका?"

करालकेतू वळून उरलेल्या कुलपावर पुन्हा फुंकर मारू लागला.

राणीने मडकं ओढलं. बोटं मिटत नव्हती, म्हणून तिने शिळा भात तळहातावरच घेतला. "तू येणारच आहेस," ती आपल्या दुखण्याला म्हणाली, "तर ये. मी जेवून घेते." आणि तिने दुसरा घास खाल्ला. तो नुसता भाताचा घास होता, गार आणि गोडसर.

तिसरं कुलूप खणकन खाली पडलं.

"राणी, आता ऐक," चकोर म्हणाला. "मी तुझी सगळी ताटं पाहिली. विष एकातही नव्हतं. चिंच जास्त झाली की तुझे गुडघे जरा जास्त बोलतात, तेवढं सांभाळ." मग त्याने मान वळवून करालकेतूकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे गुंजेसारखे लाल झाले. "विष हे इथे आहे."

लोकांनी मांत्रिकाकडे पाहिलं, आणि कुणालाच त्याची भीती वाटली नाही. तसा तो आकसू लागला. हातभर झाला, बोटभर झाला आणि शेवटी तांदळातला पोरकिडा होऊन फटीत शिरला. अजूनही तो कधी कधी निवडताना सापडतो. बायका त्याला सुपातून पाखडून टाकतात आणि पुढचं काम करतात.

कोठार उघडलं. आठ वर्षांत एक दाणा किडला नव्हता. तूप काल कढवल्यासारखं होतं. दवंडीवाला चौकात गेला आणि ओरडला, "ऐका हो ऐका! राणीने काय खाल्लं ते राणीचं राणी बघेल. ज्याला जशी भूक असेल तसं शिजवा!" खोळंबलेली लग्नं लागली. त्र्यंबकशास्त्र्याला पालखी नव्हे, पण चार दणकट माणसं पाठवून खाली आणलं, आणि रोज सकाळी काढ्याचा लोटा राणीच्या उशाशी येऊ लागला. राणीने चिंच सोडली. ती तिने एकटीनेच सोडली.

कोठार उघडलं त्या दुपारी महालापुढे मोठी पंगत बसली. राणीच्या गुडघ्यांखाली उशा होत्या, हात मांडीवर पडून होते. इंदुलेखा खांबाआडून निघाली, हळूहळू येऊन आईजवळ बसली.

"आई, दुखतंय?"

"दुखतंय."

"खूप?"

"आज खूप."

पोरीने भाताचं पातेलं जवळ ओढलं. "मग तुला भात वाढू?"

"वाढ," राणी म्हणाली. "भूक लागली आहे मला."

इंदुलेखेने आईच्या पानात भात वाढला. तिला भरवायला पहिला घास कालवला, तो आईच्या तोंडात घातला. मग क्षणभर थांबून दुसरा घास स्वतः खाल्ला, आणि भरल्या तोंडाने विचारलं, तूप कुठे आहे.