कासवरावांची तपासणी

फार जुनी गोष्ट आहे. आता असं कुठेच घडत नाही, असं सगळे सांगतात.

ओढ्याकाठी मुंग्यांचं कोठार होतं. त्यात राळा, तीळ, खसखस मिळून नऊ लाख दाणे. कोठार बुडालं तर उपासमार नको, म्हणून राणीने ठरवलं, की जो दाणा नवा आला किंवा बदलला, तसाच दुसरा दाणा टेकडीवरच्या कपारीत ठेवायचा. काम कासवरावांना मिळालं. ते अनुभवी होते, म्हणजे वयस्कर होते.

कासवराव रोज पहिल्या दाण्यापासून सुरुवात करत. दाणा उचलायचा, निरखायचा, "बदल नाही" म्हणत खाली ठेवायचा. दोन हजार दाणे होईपर्यंत दिवस मावळायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला दाणा. न जाणो, रात्रीत बदलला असला तर?

दारावरची मुंगी म्हणाली, "काका, आज आलेले चाळीस दाणे माझ्या डोळ्यांसमोरून आत गेलेत. तेवढेच वर न्या की!"

"अगं, पद्धत म्हणून काही असते की नाही?" कासवराव म्हणाले आणि त्यांनी राणीला रोजचा निरोप धाडला, "तपासणी समाधानकारक चालू आहे." राणीचंही समाधान झालं.

एका दुपारी ओढा फुगला. कोठारात पाणी शिरलं. मुंग्या जीव घेऊन टेकडीवर पळाल्या. कपारीत एकही दाणा नव्हता.

खाली पाण्यात तरंगत कासवरावांनी पहिला दाणा उचलला, निरखला आणि ते आनंदाने ओरडले, "राणीसाहेब, बदल सापडला!"