लिंबाजीचा हात बसतो

एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा गडी होता. कुणी ‘जरा थांब’ म्हणून विसरून गेलं, तर हा दिवेलागणीपर्यंत तिथंच उभा.

आई म्हणाली, “मामाकडं जा, जिलबी शिकून ये. त्याशिवाय तुला पोरगी कोण देणार?”

मामा म्हणजे केरबा आचारी. पंचक्रोशीत त्याच्या जिलबीला तोड नव्हती. त्यानं कृती सांगितली. लिंबाजीनं घडाघडा म्हणून दाखवली. मग कढईवर बसला, आणि तेलात गांडुळं पोहायला लागली.

“मामा, कृती तर चुकली नाही!”

“नुसत्या कृतीनं काय होतंय? हात बसायला पाहिजे.”

लिंबाजीनं पाट मांडला. त्यावर उजवा हात बसवला. दुपारी मामा बघतो तर हात पाटावरच.

“येड्या, हात सारखा फिरता पाहिजे!”

“असं होय!”

दुसऱ्या दिवशी मामानं त्याला दही आणायला धाडलं. हा वाटभर हात गरागरा फिरवत आला. निम्मं दही सदऱ्यावर, निम्मं कुणाच्या तरी म्हशीवर.

“अरे, हातात घेतलेलं घट्ट धरायचं! कुणी काही म्हणो, सोडायचं नाही!”

“असं होय!”

मग पाटलाघरचं लग्न आलं. मामा म्हणाला, “वरबापाचा हात धरून त्यांना पाटावर बसव.” लिंबाजीनं धरला. वरबाप बसले, हा सोडेना. ते ओरडले, हा आणखी आवळी. शेवटी चौघांनी ओढून काढला.

मामानं कपाळ बडवलं. “तुझ्या डोक्यात सगळं जातं, पण अंगात काही मुरत नाही! ही जिलबी बघ, पाकात कशी मुरते. तसं मुरावं लागतं, तेव्हा आचारी होतो.”

लिंबाजीचा चेहरा उजळला. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणी सांगितलीच नव्हती!

पंगत बसली. वाढपी ओरडले, “जिलबी आणा!” मामा मागच्या अंगणात धावला. जिलब्या परातीत कोरड्याठाक. आणि कोमट पाकाच्या काहिलीत लिंबाजी, गळ्यापर्यंत, डोळे मिटून.

“बाहेर ये, मेल्या!” मामा किंचाळला. “पंगत खोळंबलीय!”

लिंबाजीनं एक चिकट डोळा कसाबसा उघडला.

“इतक्यात नको, मामा. पाठीकडून अजून कच्चा आहे. जरा पलटा की मला!”