देणारा वारला तर

धर्मयुद्धांच्या काळी सीरियाच्या किनाऱ्यावर रेनिए नावाचा सरदार होता. त्याच्या वडिलांनी महारोग्यांच्या वस्तीसाठी मठाला जैतुनाची बाग दान दिली होती. वडील वारताच रेनिए मठात आला आणि वृद्ध मठप्रमुख एर्मेंगार्दला म्हणाला, "देणारा गेला, दानही संपलं. उद्या बाग रिकामी करा."

बागेत राहणाऱ्या साठ महारोग्यांना दुसरीकडे कोणी उभं करणार नव्हतं. एर्मेंगार्द शांत आवाजात म्हणाली,

"करते, सरदार. तुमचा किल्ला राजानं तुमच्या वडिलांना दिला होता. तो राजाही वारला. तुम्ही किल्ला कधी रिकामा करताय?"

रेनिए आल्या पावली परत गेला; बाग मठाकडेच राहिली.

एर्मेंगार्दनं बागेत जाऊन ते सांगितलं, तेव्हा कोणी हसलं नाही. एका म्हातारीनं एवढंच विचारलं, "म्हणजे मला इथंच पुराल ना?"

एर्मेंगार्दनं होकारार्थी मान हलवली.