अंड्यांवरून उठवलेली कोंबडी

गोष्ट सांगा म्हणून तीन दिवस डोकं खाल्लंत, म्हणून सांगतो. मला काही हौस नाही. चौथीत पाटी फुटली ती फुटलीच. शब्द कुठे वाकडा पडला तर तुम्हीच सरळ करून लिहा.

एकदा एका वृद्ध वैद्याकडे एक शिष्य झाडपाल्याची विद्या शिकत होता. शिष्याची बायको वारलेली. घरी सहा वर्षांची मुलगी, तिला जन्माचा दमा. विद्येपुरता तो बाहेर पडे, एरवी रात्रंदिवस तिच्या उशाशी. शेजारीण म्हणे, "भावोजी, तासभर मी बसते, जरा पाय मोकळे करून या." हा म्हणे, "बाप जिवंत आहे तिचा."

एके सकाळी तो आला आणि उंबऱ्यातच बसला.

"बाबा, पोरीनं आज काढा सांडला. मी मारलं तिला. धाप लागलेल्या पोरीला मारलं."

कोपऱ्यातल्या पाटीत खुडूक कोंबडी अंडी उबवत बसली होती. ती म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी उचलली, अंगणात नेऊन सोडली आणि दार अडवून उभा राहिला.

शिष्य कळवळला. "अहो, अंडी गार पडतील! आईला पिलांपासून तोडता?"

"गप बस नि बघ."

कोंबडीने थयथयाट केला. म्हाताऱ्याच्या पायाला चोची मारल्या. मग दाणे टिपले, पाणी प्याली, धुळीत मनसोक्त लोळून पंख झाडले. तेवढ्या वेळात तिने घराकडे मानही वळवली नाही. झाल्यावर आपणहून आली. म्हातारा बाजूला झाला. ती अंडी पोटाखाली ओढून बसली.

"गेल्या साली याच पाटीत हिची आई होती," म्हातारा म्हणाला. "उठायचीच नाही. मी म्हटलं, काय ही माया! उठवली नाही. अठराव्या दिवशी हात लावला, तर लाकूड. खाली अंडी गार. घटकाभर उठल्यानं अंडी मरत नाहीत रे, न उठल्यानं मरतात. आणि ही उठली की पुरती उठते. दाणा टिपताना दाणा, धुळीत धूळ. तू माझ्यापाशी येतोस, पण मन तिथंच उशाशी."

"मग माझा हात..."

"त्याचं पाप तुझ्याच माथी. पण उपाशी जिवाचा हात असाच उठतो."



दुसऱ्या दिवसापासून शेजारीण तासभर मुलीपाशी बसू लागली. हा ओढ्याकाठी जाऊन नुसता बसे. पहिले चार दिवस रडला. पाचव्या दिवशी त्याला पाण्याचा आवाज ऐकू आला. मुलीचा दमा गेला नाही. तो जाणारा नव्हताच. बापाचा हात मात्र पुन्हा उठला नाही.

आता ही गोष्ट का सांगितली ते ऐका. आजारी पोराला निजवून माझी लेक दहा मिनिटं पायरीवर चहा घेऊन टेकली, तर जावयाने चार पाहुण्यांत तिला ऐतखाऊ म्हटलं. वर मला म्हणाला, हेच वळण लावलंत का? त्याने तिची माफी मागायची राहिली आहे, आणि माझीही. जावयाचं नाव लिहूनच ठेवा: दिनकर खरमाळे.