खडकाईच्या दारचा रांजण

बोरखिंडीच्या टेकडीवर खडकाईचं देऊळ आहे. देऊळ लहान, चार माणसं आत गेली की पाचव्याने बाहेर थांबावं, एवढंच. पण त्याच्या दारात उजव्या हाताला जो रांजण आहे, तो पुरुषभर उंच आणि दोघांच्या कवेत न मावणारा. नव्या माणसाची नजर आधी देवीकडे जात नाही, रांजणाकडे जाते. देवीला त्याचा राग येत नाही, असं तिथले गुरवच सांगतात. मग पाहुणे विचारतात, एवढा रांजण वर आणला कसा? कारण वाट अशी, की निम्म्यावर दोन खडकांच्या बेचक्यातून माणसालासुद्धा आडवं होऊन निघावं लागतं. गुरवांचं उत्तर ठरलेलं आहे. रांजण वर आणलाच नाही, तो वरच जन्माला आला.

गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते कुणी सांगत नाही; विचारलंच तर आजोबांच्या आजोबांवर ढकलतात. त्या काळी टेकडीवर पाण्याचा थेंब नव्हता, आणि यात्रा भर चैत्रातली. लोक खालून तांबे भरून निघत आणि माथ्यावर पोचेपर्यंत तांबे रिकामे होत. बोरखिंडीच्या कुंभारआळीत लिंबाजी नावाचा कुंभार होता. ठमा ही त्याची सून. एका यात्रेला ठमा आपल्या सासूला घेऊन वर चढली. सासूला ती आत्याबाई म्हणे, आणि दोघींचं सख्य असं, की आळीतल्या बाकीच्या सासवांना ते पाहवत नसे. देवळाच्या पायरीशी पोचता पोचता आत्याबाईला भोवळ आली. ठमाने दिसेल त्या माणसापुढे हात पसरला, पण कुणाच्याच तांब्यात घोटभर पाणी निघालं नाही. म्हातारी देवीच्या दारात कोरड्या जिभेने गेली.

त्या दिवसापासून लिंबाजीने टेकडीकडे पाठ फिरवली. घरात घागरींची उतरंड लागलेली आणि आपली बायको पाण्यावाचून जावी, हे त्याच्या काळजात रुतून बसलं. देवीचं नाव या घरात काढायचं नाही, असं त्याने सांगून टाकलं.

पुढे दिवाळी झाली आणि एका पहाटे ठमाला स्वप्न पडलं, म्हणे. खडकाई देवळाच्या उंबऱ्यावर येऊन बसली होती आणि तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. ती म्हणाली, "माझ्या दारी आलेलं माणूस तहानलेलं जातं. मला आत बसवत न्हाई गं." एवढंच. रागावली नाही, वर दिला नाही, सोन्यानाण्याचं बोलली नाही. ठमा उठली ती रांजणाचा ध्यास घेऊनच उठली. पुन्हा कुणाची आत्याबाई त्या पायरीवर तशी जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

सासऱ्यापुढे पदर सावरून ती म्हणाली, "मामंजी, वर देवीच्या दारात मोठा रांजण पाहिजे."

"जिनं माझं माणूस तहानलेलं नेलं, तिला मी रांजण देऊ?"

"तुम्ही नका देऊ. मी करते."

"चाकाला बाईचा हात लागत न्हाई. ठावं हाय ना?"

"चाक न्हाई लावत, मामंजी. हातानं वळते."

आळीत हसू पिकलं. कुंभाराच्या बायकांनी माती तुडवावी, चाळावी, खडे निवडावे आणि घडवायचं काम पुरुषांवर सोडावं, अशी रीत होती. त्यात ही निघाली पुरुषभर रांजण हाताने वळायला. कुणी म्हणालं, आधी पणती तरी करून दाखव. कुणी म्हणालं, वर पाणीच नाही तर रांजणात येणार कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात कसं येईल? ठमाचं उत्तर साधं होतं. माणसं येतात ना वर? येताना एकेक घागर आणतील.

सासरा झाला, आळी झाली, मग आडवा आला गुरव. देवीच्या अंगणात धूर करायचा तर देवीचा कौल पाहिजे, म्हणाला. त्याने देवीच्या अंगावर फूल लावलं. उजवं पडलं तर होकार. फूल उजवं पडलं. गुरव म्हणाला, वारा होता. त्याने दार लावून घेतलं आणि पुन्हा फूल लावलं. पुन्हा उजवं पडलं. तिसऱ्यांदा विचारायची त्याची छाती झाली नाही.

पौषात ठमाने काम धरलं. भाजलेला रांजण त्या बेचक्यातून जाणार नव्हता, म्हणून कच्ची माती वर न्यायची, वरच घडवायचं आणि वरच भाजायचं. पाण्याच्या भांड्यासाठी आधी पाणीच वर वाहावं लागलं. रोज सकाळी डोईवर मातीची पाटी, कमरेवर घागर. मातीच्या वळ्या करून एकावर एक चढवायच्या, आतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी चोपण्याने चोपायच्या, आणि तेवढा थर सुकला की दुसऱ्या दिवशी पुढचा. नवरा सोपान बापापुढे तोंड उघडत नसे, पण भाजणीची लाकडं गुपचूप वर नेऊन टाकी. दिवसामागून दिवस ही बाई चढताना दिसू लागली, तसं हसणाऱ्यांचं हसू ओसरलं. आधी बायका आल्या, मग पुरुष. जो तो ओंजळभर माती आणी, कुणी आपल्या शेतातली, कुणी माहेरची. पायरीशी ठेवून हात जोडी. ठमाचे डोळे भरून येत.

फाल्गुनात रांजणाभोवती लाकडं आणि गोवऱ्या रचून भाजणी झाली. राख बाजूला केली तेव्हा रांजण लालबुंद, अखंड निघाला. बोटाने वाजवला तर घंटेसारखा बोलला. शंभर घागरी पाणी ओतलं, गुलाल उधळला. आठव्या दिवशी गुरव धापा टाकत खाली आला. रांजणाच्या अंगाला जागोजाग पांढरे ठिपके उमटले होते, ठिपक्याठिपक्याशी मातीचे टवके, कपरे उडाले होते आणि सगळं पाणी अंगणात वाहून गेलं होतं.

मग काय, तोंडं सुटली. बाईच्या हातचं देवीला मानवलं नाही. विटाळ झाला. देवी कोपली. आळीतल्या थोरांनी बसून ठरवलं, की ठमाने पुन्हा मातीला हात लावायचा नाही. यात्रा तोंडावर आली होती, आणि त्या वर्षीही लोक कोरडेच चढणार होते. ठमाने फुटलेले कपरे ओटीत गोळा केले आणि घरी येऊन अंगणात बसली. तिला रडूही येईना. देवीनेच मागितलं आणि देवीनेच मोडलं, तर विचारायचं कुणाला?

लिंबाजी चाकापाशी बसला होता. तिने रांजणाचं काम धरल्यापासून तो तिच्याशी कामापुरतंही बोलला नव्हता. त्याने हात पुढे केला, तिच्या ओटीतला एक कपरा घेतला आणि उजेडाकडे धरला. कपऱ्याच्या पोटात ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा खडा होता. त्याने तो नखाने टोकरला, तसा त्याचा पिठासारखा भुगा झाला.

"चुनखडी हाय," तो म्हणाला. "भाजल्यावर पाणी प्याली की फुगती, अन् भांडं फोडती. माती निवडली न्हाईस तू."

ठमा खाली बघत म्हणाली, "लोकांनी भावानं आणलेली माती, मामंजी. तिच्यातले खडे कसे काढायचे?"

"भाव लोकांचा. खडा मातीचा."

जन्मभर जिने दुसऱ्यांसाठी खडे निवडले, तिने देवीच्या कामात तेवढेच निवडले नव्हते. भक्तीच्या भरात कुंभारीण कुंभारकाम विसरली होती. लिंबाजी तो कपरा घेऊन थोरांपुढे गेला. देवी कोपली म्हणणाऱ्याने आधी हा खडा बघावा, म्हणाला. माती कुणाच्या हातची हे खड्याला कळत नाही; माझ्या हातून राहिला असता तरी फुटला असता. मातीच्या बाबतीत लिंबाजीचा शब्द आळीत खाली पडत नसे. थोरांनी ठमावरची बंदी मागे घेतली.

पुढचं वर्षभर, असं सांगतात, लिंबाजी अंगणात पाटीभर माती पुढ्यात घेऊन बसे. डोळे मंदावले होते, म्हणून बोटांनी चाचपून खडे काढी. लोक अजूनही माती आणत. तो ज्याची त्याच्यासमोर निवडी, आणि कुणाला वाईट वाटलं तर वाटू देई. निवडलेली माती ठमा वर नेई. दुसरा रांजण फाल्गुनात भाजला आणि चैत्राच्या तोंडी भरला. आठ दिवस कुंभारआळीत कुणाला धड घास गेला नाही. नवव्या दिवशी सोपान खाली येऊन म्हणाला, "बा, पाणी हाय तसं हाय."

यात्रेच्या दिवशी लिंबाजीने घागर उचलली आणि तो टेकडी चढला. दोन वर्षांत पहिल्यांदा. वर त्याने रांजणातलं पहिलं पाणी घागरीत काढलं, तेव्हा गुरव गडवा पुढे करून म्हणाला, आधी देवीला. लिंबाजीने मान हलवली. पायरीवर एक परगावची म्हातारी चढून नुकतीच टेकली होती, धापा टाकत होती. लिंबाजी तिच्यापुढे उकिडवा बसला आणि तिच्या ओंजळीत पाणी ओतू लागला. ओतता ओतता त्याचे खांदे गदगदू लागले. ठमाने मागून घागरीला हात लावून धरला. गुरव गडवा घेऊन तसाच उभा राहिला.

आजही यात्रेच्या सकाळी खडकाईची आंघोळ खोळंबते. आलेल्यांतली सगळ्यांत म्हातारी बाई पायरीवर बसते, कुंभारघरचा थोरला पुरुष आणि थोरली सून मिळून तिच्या ओंजळीत पाणी ओततात, आणि ती "पुरे" म्हणेपर्यंत देवीला पाणी मिळत नाही. एखादी म्हातारी मुद्दामच उशीर लावते. कुणी घाई करत नाही.